तपासण्याआधी विचारा

प्रश्न : पहिल्या बाळंतपणात कळांनी ओरडले, तर सिस्टर म्हणाल्या, 'नवऱ्याजवळ जाताना नाही का ओरडलीस?' मांडीवर चापटही मारली. आता पुन्हा दिवस गेलेत. दवाखान्याच्या नावानंच पोटात गोळा येतो. मी फार हळवी आहे का? (कळवा)

उत्तर : अजिबात नाही. तो तुमचा अपमान होता, आणि चापट ही मारहाणच. हेच वाक्य मी शिकत असताना लेबर रूममध्ये ऐकलं आणि गप्प बसले. त्याची खंत अजून आहे. बाईला दरडावलं की ती नीट जोर लावते, हा समज मुळातच चुकीचा. कळा ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे येतात. भीतीनं अ‍ॅड्रेनालिन वाढलं की त्या मंदावू शकतात. धीर देणं हा उपचाराचाच भाग आहे. डिसेंबर २०१७मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही प्रसूतिगृहातल्या सन्मानाच्या वागणुकीला स्थान आहे.

या वेळी सातव्या-आठव्या महिन्यातच लेबर रूम पाहून या आणि मागचा अनुभव डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा. पुन्हा तसं घडलंच, तर तारीख, वेळ, ड्यूटीची पाळी लिहून वैद्यकीय अधीक्षकांना लेखी तक्रार द्या, पोच घ्या. ही धावपळ नवऱ्यानं करावी. ओल्या बाळंतिणीनं कचेरीचे जिने चढायचे नाहीत.

प्रश्न : सुनेला कळा सुरू असताना पाच-सहा जणांनी हातानं तपासलं, त्यात शिकाऊ मुलंही होती. कोणी काही विचारलं नाही. कॉलेजच्या दवाखान्यात हे चालायचंच ना? (ऐरोली)

उत्तर : सासूबाई, सुनेसाठी तुम्ही लिहिलंत, फार बरं वाटलं. शिकणाऱ्यांनी शिकायला हवंच, मीही तशीच शिकले. पण आधी नाव सांगायचं, कशासाठी तपासतोय ते सांगायचं, पडदा ओढायचा आणि ती 'हो' म्हणेपर्यंत थांबायचं. पुरुष डॉक्टर असेल तर सोबत बाई हवी. कळा नीट सुरू झाल्यावर सगळं ठीक असेल, तर साधारण चार तासांतून एकदा तपासणं पुरतं. शिकाऊ मुलांना सून नाही म्हणू शकते. तेवढ्यासाठी तिचे उपचार अडवता येत नाहीत.

प्रश्न : सरकारी दवाखान्यात आईला आत सोडतील? (घणसोली)

उत्तर : सोडायला हवं. २०१६पासून केंद्राच्या तशा सूचना आहेत : सोबतीला एक बाई, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली. आडोशाची नीट सोय असेल तिथं नवराही चालतो. आई गावाहून यायची असेल, तर तारखेच्या दोन आठवडे आधीच बोलावून घ्या.

प्रश्न : सिझरच्या वेळी तांबी बसवली, हे घरी आल्यावर कार्डावरून कळलं. (घोडबंदर रोड)

उत्तर : हे वाचून राग आला. एका उपचाराला दिलेली संमती दुसऱ्याला चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००८मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितलंय. अपवाद फक्त जिवावर बेतलं असेल तेव्हाचा. तांबीची अशी घाई कधीच नसते. ठेवायची की काढायची, हे तुम्हीच ठरवा. काढायची असल्यास दवाखान्यात जा, तांबीचा दोरा स्वतः ओढू नका. केसपेपरची प्रत लेखी मागा. ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. हातात आली की आधी संमतीचं पान उघडा : तांबीचा उल्लेख आहे का, आणि खाली सही कोणाची आहे, ते पाहा.