चोपड्यातल्या (जि. जळगाव) जुन्या औषधी दुकानाची इमारत किती जुनी, हे कसं कळेल?

दुकानातल्या परवान्यावरून इमारतीचं वय काढू नका. औषधविक्रीचा परवाना १९४० च्या कायद्यानं आणि १९४५ च्या नियमांनी आला. दुकान, निदान भिंती तरी, त्याआधीच्या असू शकतात.

आधी पाटी नीट बघा. रंगाखाली 'जि. पूर्व खानदेश' दिसलं तर ती पाटी १९०६ नंतरची, कारण खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे त्या साली झाले. पुढे पूर्व खानदेशाचा जळगाव जिल्हा झाला. पण पाटी बदलता येते, म्हणून कागद हवेतच. भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा (प्रॉपर्टी कार्डाचा) उतारा काढा, नगरपालिकेत घरपट्टीची जुनी आकारणी रजिस्टरं मागा. रजिस्टरं बघायला मालकाला सोबत न्या, काम लवकर होतं.

आत गेलात तर गल्ल्यामागची छोटी खिडकी शोधा. तिच्यापलीकडे कंपाउंडर मिक्श्चर बनवायचा आणि बाटलीवर डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी चिकटवून द्यायचा. अशी खोली असेल तर तयार गोळ्यांची पाकिटं सर्रास होण्याआधीपासून तिथे औषधं विकली जात असणार. सागवानी खांब आणि धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, मात्र पुरावा म्हणून कच्चे. खानदेशात तशी घरं फार काळ बांधली गेली.