अवचित सुखाचे वळण

प्रश्न : अद्भुतकथेत सारे संपले असे वाटत असतानाच येणारा आनंदाचा क्षण कधी डोळ्यांत पाणी आणतो, तर कधी निव्वळ लेखकाची सोय वाटतो. असे का होते?

उत्तर : अशा वळणाला इंग्रज लेखक टॉल्किन यांनी परीकथांवरील आपल्या १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात 'युकॅटॅस्ट्रॉफी' हे नाव दिले. त्यांच्याच 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये दुष्ट शक्तीची अंगठी नष्ट करायला निघालेला फ्रोडो ज्वालामुखीच्या कड्यावर पोहोचल्यावर ती आगीत टाकायला नकार देतो, म्हणजे नायक हरतोच. मग त्या अंगठीच्या हव्यासाने पछाडलेला गॉलम त्याचे बोट चावून तोडतो, अंगठी हिसकावतो आणि आनंदाने नाचता नाचता तोल जाऊन आगीत कोसळतो. हा योगायोग खटकत नाही, कारण मारण्याची संधी असूनही आधी फ्रोडोचा नातलग बिल्बो याने आणि पुढे फ्रोडोने दयेपोटी गॉलमला जिवंत सोडलेले असते आणि त्या दयेचे असे फळ मिळेल हे आपल्या ध्यानीमनीही नसते. बीज आधी पेरलेले, पण नजरेआड गेलेले असावे, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. ऐनवेळी एखादी नवीच जादू उपटली, तर वाचकाने सोसलेली भीती फुकट जाते. शिवाय पराभवाची झळ खरी असावी लागते : फ्रोडोचे तुटलेले बोट पुन्हा येत नाही.