अडतिसाव्या वर्षी ऑनलाइन पदवी: आधी पगार कुठे अडला आहे ते पाहा

आपला पेच मला असा समजला: दुसऱ्या वर्षानंतर महाविद्यालय सुटले, पुढची तेरा वर्षे मालसाठा आणि वाहतुकीच्या कामात गेली, आपल्याच हाताखाली काम शिकलेले दोघे पदवीधर असल्यामुळे पुढच्या पदावर गेले, आणि आता अडतिसाव्या वर्षी व्यवस्थापनाची ऑनलाइन पदवी घ्यावी की सहा महिन्यांच्या एखाद्या प्रमाणपत्रावर काम भागेल, हे ठरत नाही. या वाटेने मी दोनदा गेलो आहे. पहिल्या वेळी दीड वर्षात शिक्षण सोडले, दुसऱ्या वेळी पदवी पूर्ण केली, आणि अलीकडे नेमणुकीच्या मुलाखती घेण्याचे कामही माझ्याकडे असते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

कोणती पदवी, हा प्रश्न नंतरचा आहे. पगार नेमका कशामुळे अडला आहे, हे आधी शोधावे लागते. काही ठिकाणी वरच्या पदाच्या पात्रतेत पदवीची अट लिहिलेली असते आणि ती नसलेला अर्ज कोणी वाचण्यापूर्वीच बाजूला पडतो. काही ठिकाणी अट नसते, पण त्या पदाला लागणारे एखादे काम आपल्याला येत नसते. आणि काही ठिकाणी वरची जागाच नसते. तिथे पदवी घेतली तरी नोकरी बदलल्याशिवाय पगार हलत नाही. पदवी या तिन्हींपैकी पहिली अडचण थेट सोडवते, दुसरी अर्धवट सोडवते आणि तिसरी मुळीच सोडवत नाही. आपली अडचण पहिल्या प्रकारची वाटते, परंतु वाटण्यावर विसंबू नका. मनुष्यबळ विभागाला लेखी विचारा: अमुक पदासाठी पदवीची अट आहे का, ती कोणत्याही शाखेची चालते का, आणि ऑनलाइन पद्धतीने घेतलेली पदवी ग्राह्य धरली जाते का. तोंडी मिळालेले ‘हो, चालेल’ हे उत्तर देणाऱ्याची बदली होईपर्यंतच टिकते.

पदवीने उत्पन्न का वाढते, यावर अर्थशास्त्रात दोन विचार आहेत. गॅरी बेकर यांच्या मांडणीत शिक्षण ही माणसातली गुंतवणूक आहे: तो अधिक शिकतो, म्हणून अधिक उत्पादक होतो. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये दुसरी बाजू दाखवली, की उमेदवाराची क्षमता मालकाला बाहेरून दिसत नसल्यामुळे तो पदवीकडे एक संकेत म्हणून पाहतो. आपल्याला तेरा वर्षांचे काम येते. उणीव आहे ती संकेताची. म्हणूनच आपल्या बाबतीत पदवी पूर्ण होण्याला सगळे महत्त्व आहे, कारण चार सत्रे केलेल्या माणसाला चार सत्रांची पगारवाढ कोणी देत नाही.

संकेत कोण देतो, यालाही किंमत असते. अमेरिकेत अर्थतज्ज्ञ डेव्हिड डेमिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खऱ्या जाहिरातींना उत्तर म्हणून बनावट अर्ज पाठवून एक प्रयोग केला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. नफ्यासाठी चालणाऱ्या ऑनलाइन संस्थेची व्यवसाय शाखेची पदवी असलेल्या अर्जांना, सहज प्रवेश देणाऱ्या सार्वजनिक विद्यापीठाच्या पदवीधरांच्या अर्जांपेक्षा सुमारे २२ टक्के कमी प्रतिसाद मिळाला. यावरून ऑनलाइन शिक्षणच कमअस्सल असते असे ठरत नाही. नाव कोणाचे आहे, हे बघितले जाते इतकेच. अमेरिकेतल्याच जॉर्जिया टेक या विद्यापीठाने जानेवारी २०१४ मध्ये संगणकशास्त्राची ऑनलाइन पदव्युत्तर पदवी सुरू केली, आणि तिथे वर्गात बसणाऱ्याला मिळते तीच पदवी ऑनलाइन विद्यार्थ्यालाही मिळते. वयाची शंका आपण घेतली आहे म्हणून सांगतो: त्या ऑनलाइन अभ्यासक्रमाचा अर्जदार सर्वसाधारणपणे ३४ वर्षांचा आणि नोकरीत रुळलेला, तर वर्गातल्या अभ्यासक्रमाचा २४ वर्षांचा, असे आढळले होते. अडतीस हे या शिक्षणातले वेगळे वय नाही.

वेळेच्या हिशेबात मात्र बहुतेकजण फसतात, मीही फसलो. ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले आणि १९७१ पासून नोकरदारांना घरबसल्या शिकवत आले आहे, त्यामुळे त्यांचे गणित अनुभवातून आलेले मानायला हरकत नाही. तिथली ऑनर्स पदवी ३६० श्रेयांकांची (श्रेयांक म्हणजे अभ्यास मोजण्याचे एकक), एका श्रेयांकामागे साधारण १० तास अभ्यास, म्हणजे एकूण ३,६०० तास. नोकरी सांभाळणाऱ्याने वर्षाला ६० श्रेयांक घ्यावेत आणि आठवड्याला १६ ते १८ तास द्यावेत, असा तिथला शिरस्ता आहे. त्या गतीने सहा वर्षे लागतात. जाहिरातीत ‘आपल्या सोयीने शिका’ असे लिहिलेले असते तेव्हा ते खरेच असते, पण सोय वेळ निवडण्याची असते, वेळ कमी करण्याची नव्हे.

पहिल्या प्रयत्नात मी पूर्णवेळ विद्यार्थ्याइतके विषय घेतले आणि सगळा अभ्यास शनिवार-रविवारवर ढकलला. पाच दिवसांत आधीचे विसरायला होत असे, म्हणून शनिवारची सकाळ मागचे आठवण्यातच संपत असे. मग स्वाध्याय साचले, आणि तिसऱ्या सत्रात मी परीक्षेचा अर्जच भरला नाही. दुसऱ्या वेळी निम्मे विषय घेतले, रोज पहाटे सव्वा तास ठेवला, आणि वाचलेले पुन्हा वाचण्याऐवजी पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहून काढण्याची सवय लावली. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिले होते की स्वतःची अशी परीक्षा घेतल्याने आठवडाभरानंतर पुनर्वाचनापेक्षा अधिक लक्षात राहते. मला ते फार उशिरा कळले. (घरच्यांना नुसते वेळापत्रक सांगून भागत नाही, त्यातली त्यांची कामे कोण करणार हेही ठरवावे लागते, माझ्या पहिल्या अपयशातला तो भाग मी बरीच वर्षे अभ्यासक्रमाच्या नावावर खपवत होतो.)

प्रमाणपत्राबद्दल थोडक्यात. पात्रतेची अट पदवीची असेल तर प्रमाणपत्रांची चळतही तिच्या जागी चालत नाही. एखादे ठरावीक काम शिकायचे असेल, उदाहरणार्थ साठ्याच्या मागणीचा अंदाज बांधणे, तर मात्र पदवीपेक्षा प्रमाणपत्रच बरे. त्यातही, एमआयटी आणि हार्वर्डच्या सर्वांना खुल्या असलेल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत २०१७-१८ साली नोंदणी केलेल्यांपैकी केवळ ३.१३ टक्के लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केला, तर पैसे भरून प्रमाणपत्राच्या मार्गाने शिकणाऱ्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. पैसे भरणारे मुळातच अधिक गंभीर असतील हे खरे, तरी फुकटच्या नोंदणीला निर्धार समजू नये.

मान्यता तपासताना संस्थेच्या संकेतस्थळावरील शिक्का पुरावा धरू नका. मान्यता देणाऱ्या अधिकृत संस्थेच्या यादीत जाऊन विद्यापीठाचे आणि त्याच अभ्यासक्रमाचे नाव शोधा, कारण विद्यापीठ मान्यताप्राप्त असूनही एखादा ऑनलाइन अभ्यासक्रम मान्यतेबाहेर असू शकतो. नुसत्या अनुभवावर आठवड्याभरात पदवी देतो म्हणणाऱ्याला पुढे काहीही विचारण्याची गरज नाही.

पैशाचा हिशेब पगाराच्या महिन्यांत करावा. शुल्क, परीक्षा, पुस्तके आणि बुडालेले जादा कामाचे पैसे मिळून खर्च सहा महिन्यांच्या पगाराइतका होत असेल आणि बढतीने हातात १५ टक्के अधिक येणार असतील, तर पदवीनंतर ४० महिन्यांत पैसे वसूल होतात. वाढ पाचच टक्के असेल तर दहा वर्षे लागतात, आणि तेव्हा मी ती पदवी उत्पन्नासाठी घेणार नाही. आपल्या संस्थेतील दोन पदांच्या वेतनश्रेणींतला फरक आपल्याला माहीत असेल. तो आकडा इथे घालून पाहा.

आपल्या प्रश्नात ओझरती आलेली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, ती म्हणजे महाविद्यालयाची पूर्ण केलेली दोन वर्षे. अनेक विद्यापीठे आधीच्या शिक्षणाचे श्रेयांक स्वीकारतात, पण किती जुने आणि कोणत्या विषयांचे, याचे नियम प्रत्येकाचे वेगळे असतात. त्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका आणि शक्य झाल्यास तेव्हाचा अभ्यासक्रम मिळवा, तीन-चार विद्यापीठांना पाठवा आणि किती श्रेयांक माफ होतील याचे लेखी उत्तर मागा. सहा वर्षांचे चार झाले तर वरचा सगळा हिशेब बदलतो, म्हणून ती उत्तरे येईपर्यंत कुठेही प्रवेश शुल्क भरू नका, मग सवलतीची मुदत आज रात्री संपत असली तरी.