बहिष्कार नेमका कोणावर?

प्रश्न : आमच्या वाचक मंडळात अमेरिकेतील वर्णभेदाचा विषय निघाला असता एका सभासदाने सांगितले की, न्यू ऑर्लिन्सच्या कॅथलिक आर्चबिशपांनी काळ्यांची बाजू घेऊन चक्क गोऱ्यांना बहिष्कृत केले होते. हे खरे आहे काय? आणि तेथे ‘बहिष्कार’ हा शब्द शोभतो काय? आपल्याकडे तो वरच्यांनी खालच्यांवर घातल्याचेच ऐकत आलो आहोत.
– एक वर्गणीदार, सोलापूर

उत्तर : घटना खरी आहे. त्या आर्चबिशपांचे नाव जोसेफ रमेल. जन्म जर्मनीतला, १८७६ चा, आणि १९३५ पासून ते न्यू ऑर्लिन्स धर्मप्रांताचे प्रमुख होते. काळ्या भाविकांनी मागच्या बाकांवर बसावे आणि गोरे उठल्यावर मगच ख्रिस्तप्रसादासाठी पुढे यावे, अशी तेथील अनेक चर्चमधली रीत होती. बाकांवर, ख्रिस्तप्रसादाच्या कठड्याशी वा पापनिवेदनाच्या जागी यापुढे भेद चालणार नाही, असे त्यांनी १९५३ मध्ये पत्राद्वारे सर्व चर्चना कळवले. दोन वर्षांनी जेझुइट बेंड या गावी मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) अर्पण करण्यास आलेल्या काळ्या धर्मगुरूला तेथील गोऱ्यांनी दारातूनच परत पाठवले, तेव्हा रमेल यांनी त्या चॅपेलमधील उपासनाच बंद केली. धर्मगुरू नको तर मिस्साही नाही, असा तो रोखठोक हिशेब होता.

वर्णविभाजन हे पाप आहे, असे त्यांनी १९५६ मध्ये लिहिले. मात्र कॅथलिक शाळा सर्वांना खुल्या करण्याची घोषणा व्हायला १९६२ चा मार्च उजाडला. शहरातील सरकारी शाळांत न्यायालयाच्या आदेशाने काळी मुले १९६० मध्येच बसू लागली होती, आणि सेंट लुइसच्या आर्चबिशप रिटर यांनी तर आपल्या शाळांतील विभाजन १९४७ मध्येच संपवले होते. पालकांचा विरोध कडवा होता हे मान्य, तरी पाप म्हटल्यावर सहा वर्षे थांबणे मला खटकते.

त्या घोषणेनंतर उघड विरोधाची चिथावणी देणाऱ्या तिघांना, इशारा देऊनही ते बधले नाहीत म्हणून, पंच्याऐंशी वर्षांच्या आणि दृष्टी जवळजवळ गमावलेल्या रमेल यांनी १६ एप्रिल १९६२ रोजी धर्मबहिष्कृत केले. त्यांपैकी लिअँडर पेरेझ हे त्या भागातील बडे राजकीय प्रस्थ होते.

आता शब्दाविषयी. ज्या सोलापुरात बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, तेथे ‘बहिष्कृत’ म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. गावकीच्या बहिष्कारात पाणवठा बंद होतो, वाण्याचे दुकान बंद होते, न्हावी येत नाही. पेरेझ यांचे यातले काहीच बंद झाले नाही; त्यांना साक्रामेंत, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, पापनिवेदन यांसारखे चर्चचे पवित्र संस्कार, तेवढे मिळेनासे झाले, सत्ता तशीच राहिली आणि पुढे समेट होऊन १९६९ मध्ये त्यांचा अंत्यविधीही चर्चमध्येच झाला. त्यामुळे आपल्या मंडळाच्या टिपणात नुसते ‘बहिष्कार’ न लिहिता ‘धर्मबहिष्कार’ लिहावे आणि त्याचा अर्थ साक्रामेंतांपुरती बंदी असा द्यावा, असे मी सुचवीन.