भारी मग प्रेस घ्यायच्या आधी बिघडलेल्या मगांचा हिशेब

नमस्कार ताई,

तुमचं पत्र आणि सोबतचा महिन्याचा हिशेब, दोन्ही नीट वाचलं. तुमच्याकडे स्वस्तातलं मग प्रेस आहे, म्हणजे कागदावर छापलेलं चित्र उष्णतेने आणि दाबाने मगवर उतरवणारं यंत्र. महिन्याला साधारण ४० कोरे मग त्यात दाबता, त्यातले १२ बिघडतात, उरलेले २८ विकले जातात. या बिघाडाला कंटाळून भारी यंत्र घ्यायचं तुमच्या मनात आहे. त्याची किंमत तुमच्या १२० मगांच्या नफ्याएवढी, आणि ती अडीनडीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून भरायची. ‘महिन्याला २८ मग जातात, म्हणजे साडेचार महिन्यांत पैसे वसूल,’ असं तुम्ही लिहिलंय.

माझं स्पष्ट मत: आत्ता घेऊ नका.

वसुलीचा तुमचा आकडा बरोबर नाही. २८ मगांचा नफा जुन्या यंत्रावर आजही मिळतोच आहे, तो नव्या यंत्राच्या नावावर कसा जमा करायचा? नव्याच्या खात्यात फक्त त्याच्यामुळे वाढलेली कमाई आणि वाचलेला खर्च धरायचा. तुम्ही आलेली एकही ऑर्डर परत पाठवत नाही, म्हणजे यंत्र बदललं म्हणून विक्री वाढणार नाही. वाचेल ते बिघडणाऱ्या मगांचं सामान. बिघाड १२ वरून ४ वर आला असं धरू. आठ मगांचं सामान वाचलं. तुमच्याच आकड्यांप्रमाणे एका मगचं सामान, म्हणजे कोरा मग, शाई आणि कागद, नफ्याच्या निम्म्यात बसतं. म्हणजे महिन्याची बचत चार मगांच्या नफ्याएवढी. १२० भागिले ४, म्हणजे ३० महिने. अडीच वर्षं तुमची राखीव गंगाजळी तेवढी कमी राहणार, आणि तीही विक्री आहे तशीच चालू राहिली तर.

बिघाड किरकोळ आहे असं मात्र मी म्हणत नाही. नफा काढताना तुम्ही प्रत्येक विकलेल्या मगमागे एकाच कोऱ्या मगचा खर्च धरलाय. प्रत्यक्षात २८ मग विकायला ४० लागले. वाया गेलेल्या बारांचं सामान वजा केलं, की कागदावरच्या नफ्यातला पाचव्या हिश्श्याहून थोडा जास्त भाग गळून जातो. ही गळती थांबवायलाच हवी, पण ती यंत्र न बदलता बरीचशी थांबेल असं तुमच्या वर्णनावरून दिसतं.

तुम्ही बारांची विभागणी दिली आहे, ती फार उपयोगाची ठरली. पाच मग हँडलजवळ फिकट, चार मगांवर काळा रंग तपकिरी आणि कागदही करपट, तीन मगांवर कडा दुहेरी.

हँडलजवळचा फिकटपणा बहुतेक वेळा यंत्राच्या रचनेतूनच येतो. गरम होणारा पट्टा मगला गुंडाळला जातो, पण हँडलपाशी त्याची दोन टोकं एकमेकांना भिडत नाहीत. तिथे उष्णता आणि दाब दोन्ही कमी पडतात. भारी यंत्रातही हँडलपाशी फट राहतेच, थोडी कमी इतकंच. चित्र हँडलच्या दोन्ही बाजूंनी एक-दीड सेंटिमीटर आत घ्या, गडद पार्श्वभूमी हँडलपर्यंत नेऊ नका. याला खर्च शून्य.

करपट कागद आणि तपकिरी काळा ही जास्त उष्णतेची किंवा जास्त वेळेची खूण. स्वस्त यंत्रात पडद्यावर दिसणारं तापमान आणि मगच्या पृष्ठभागावरचं तापमान यांत चांगलाच फरक असू शकतो. पैसे घालायचेच असतील तर इथे घाला: तारेचा सेन्सर असलेला साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. सेन्सरचं टोक मग आणि पट्टा यांच्यामध्ये ठेवा आणि वर, मध्ये, खाली, हँडलच्या दोन्ही बाजूंना असं पाच ठिकाणी मोजा. मोजण्यासाठी बिघडलेलेच मग वापरा, कोरा मग लागत नाही. मगांवरचा पॉलिमरचा लेप साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला शाई नीट घेतो आणि वेळ बहुधा तीन मिनिटांच्या आसपास लागतो, तरी तुमच्या मगच्या विक्रेत्याने सांगितलेलं तापमान आणि वेळ आधी पाळा. गार मग आत ठेवला की पट्ट्याचं तापमान खाली येतं, म्हणून टायमर कधी सुरू होतो तेही बघा. काही यंत्रांत तो ठरलेली उष्णता गाठल्यावर सुरू होतो, काहींत लगेच. एका वेळी एकच गोष्ट बदला, आधी पाच अंश किंवा आधी पंधरा सेकंद, आणि मगच्या तळाला पेन्सिलने आकडे लिहून ठेवा. दोन्ही एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

दुहेरी कडा कागद हलल्याने येतात. उष्णता सहन करणारी टेप चारही बाजूंनी ताणून लावा आणि यंत्र उघडल्यावर कागद गरम असतानाच एका दमात ओढून काढा. अर्धवट सुटलेला कागद पुन्हा टेकला की दुसरी छाप उमटलीच. डागही येत असतील तर कागद किंवा मग बहुधा दमट आहे. छपाईनंतर कागद नीट वाळू द्या.

वेगाचा मुद्दा तुम्ही काढला होता. ठेवणं-काढणं धरून एका मगला पाच मिनिटं लागली, तरी ४० मगांना महिन्याला साडेतीन तासही होत नाहीत. वीजही नगण्य: ४०० वॉटचं यंत्र पाच मिनिटं चाललं तर युनिटचा तिसावा भाग. त्यामुळे ‘नवं यंत्र वीज वाचवतं’ या विक्रेत्याच्या मुद्द्याला तुमच्या हिशेबात जागा नाही.

हप्त्यांवर घेणंही मी सुचवणार नाही. हप्ता दरमहा ठरल्या तारखेला जातो आणि तुमची विक्री, तुम्हीच लिहिल्याप्रमाणे, भेटवस्तूंच्या मोसमात वाढते आणि एरवी ओसरते.

दोन महिने असं करून बघा आणि बिघाडाची नोंद याच तीन खान्यांत ठेवा. पाच ठिकाणच्या तापमानात दहा-पंधरा अंशांचा फरक राहिलाच, तर आधी गरम होणारा पट्टा बदला. तो झिजणारा भाग आहे, बहुतेक यंत्रांना सुटा मिळतो आणि नव्या यंत्राच्या किमतीचा लहानसा अंश असतो. पट्टा बदलूनही फरक तसाच राहिला, किंवा वेळेअभावी ऑर्डर परत पाठवायची पाळी आली, तर भारी यंत्राचा विचार जरूर करा. पण तेव्हाही पैसे मगांच्या नफ्यातून साठवलेले असू देत. अडीनडीच्या रकमेला हात लावू नका.