जमिनीतल्या जिवाणूंमुळे पीक खरंच वाढतं का? दुकानातली जिवाणू खतं घ्यावीत का?

वाढतं. दुकानाचं नंतर बोलू, आधी आमच्या उसाचं सांगतो.

आमच्याकडे तोडणी झाली की पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवायची रीत. एकरी तीन-चार टन पाचट, दुपारभरात राख. पहिल्यांदा मी ते पेटवू दिलं नाही. सरीत दाबलं आणि खोडवा राखला, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतूनच पुन्हा ऊस फुटू दिला. दीड महिन्यात खोडवा पिवळा पडला. थोरला भाऊ बांधावर उभा राहून चार माणसांत म्हणाला, "पुस्तकं वाचून रान घालवलं ह्यानं." तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. ते अजून सलतं.

आता देतो. पाचटात कर्ब (कार्बन) भरपूर, नत्र (नायट्रोजन) जेमतेम अर्धा टक्का. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशींना स्वतःच्या वाढीसाठी नत्र लागतो. पाचटात पुरेना, म्हणून त्यांनी जमिनीतला उचलला आणि ऊस उपाशी राहिला. जिवाणू कामाला लागले होते, त्यांच्या पुढ्यात मीच काही वाढलं नव्हतं. पुढच्या वर्षी टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकले, बुडखे जमिनीलगत छाटले, पाणी दिलं. खोडवा हिरवागार राहिला. पावसाळा सरताना पाचट हातात चुरा होत होतं, खाली गांडुळं. जिवाणू मेले की त्यांच्या अंगातला नत्र हळूहळू पिकाकडेच येतो. पेटवलं तर बहुतेक सगळा धुरातून जातो.

भाऊ म्हणतो, जिवाणूंची पाकिटं टाकून पाहिली, फरक नाही. जिथं दरवर्षी जाळ आणि शेणखताचं नाव नाही, तिथं जिवाणूंनी खायचं काय? असल्या रानात पाकिटावर पैसे घालू नका. कडधान्याला आणि सोयाबीनला मात्र रायझोबियम, म्हणजे मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र धरणारे जिवाणू, लावाच, १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, सावलीत सुकवून. बुरशीनाशक लावायचं तर आधी, जिवाणू शेवटी. हरभऱ्याचं पाकीट सोयाबीनला चालत नाही. मुळावरची गाठ फोडून बघा, आत गुलाबी दिसली तर नत्र धरला जातोय.

आणि हो, माझं रान निचऱ्याचं आहे. पाणी साचणाऱ्या रानात पाचट ठेवलं तर फुटवे कुजतात.

भावाची तोडणी याच आठवड्यात आहे. पेटवू नकोस, युरिया माझ्याकडून ने, असा निरोप काल धाडलाय.