पॅरिसनंतर आई-बाबांसोबत एक दिवस हातात आहे. फ्रेंचांनी जिवापाड जपलेलं एखादं छोटं ऐतिहासिक गाव बघायचंय. क्लूनी की कारकासोन?

क्लूनी. फक्त ते 'जिवापाड जपलेलं' प्रश्नातून काढा, म्हणजे आपलं जमेल.

मी क्लूनीत राहिलोय. तिथल्या जुन्या मठाच्या इमारतींत 1901 पासून आर्ट्स ए मेतिएचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तिथे एक्सचेंजवर होतो. तेव्हा आमचे दाजी युरोप टूरवर आले होते आणि पॅरिसमधला एक दिवस मोडून मला भेटायला आले. दाजी म्हणजे फॅमिली ग्रुपवरचे वारसामंत्री. किल्ल्यावर कुणी नाव कोरलेलं दिसलं की फोटो टाकणार, खाली ठरलेलं वाक्य: 'हेच फ्रान्समध्ये असतं तर?'

त्यांना मठाच्या चर्चच्या जागेवर नेलं. 1088 मध्ये बांधायला घेतलेलं हे चर्च सुमारे 187 मीटर लांब होतं. रोमचं आत्ताचं सेंट पीटर्स होईपर्यंत ख्रिस्ती जगात याहून मोठं चर्च नव्हतं. आज दहावा हिस्सा उरलाय म्हणणंही उदारपणाचं. दक्षिणेकडची एक बाजू, तिच्यावर अष्टकोनी मनोरा, बाकी खांबांचे बुंधे आणि मोकळं आभाळ.

दाजी म्हणाले, "जर्मनांनी पाडलं काय रे?"

"नाही हो दाजी, फ्रेंचांनीच."

राज्यक्रांतीत मठ सरकारजमा झाला आणि 1798 मध्ये जवळच्या माकों शहरातल्या व्यापाऱ्यांना विकला गेला. त्यांनी चर्चच्या मधून रस्ता काढला आणि दगड विकायला घेतले. पाडकाम 1823 पर्यंत चाललं. त्याच दगडांतून नेपोलियनच्या काळात शेजारी सरकारी घोड्यांची पागा उभी राहिली. पागा मात्र अजून आहे!

दाजी वैतागले. "मग हे पडके दगड बघायला मला पॅरिसहून आणलंस?"

पुढे भाच्याच्या मुंजीत पंगतीला पुन्हा तेच: फ्रेंच बघा, आपले लोक बघा. मी विचारलं, "दाजी, वाईच्या वाड्याचे सागवानी खांब कुठे गेले?" वाडा बिल्डरला दिला आणि खांब, तुळया, दिंडीदरवाजा सगळं जुन्या लाकडाच्या वखारीत, हे सगळ्यांना माहीत होतं. ते म्हणाले, "ती आमची खाजगी मालमत्ता होती." माकोंच्या व्यापाऱ्यांचीही खाजगीच होती की. ताई अजून माझ्याशी तोडून बोलते.

आणि म्हणूनच क्लूनीला जा असं सांगतोय. पाडून झाल्यावर हळहळ कशी करतात ते तिथे दिसतं. केनेथ कोनन्ट नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने 1928 ते 1950 या काळात, मधली युद्धाची वर्षं सोडून, तिथे उत्खनन केलं, म्हणून चर्चचा नकाशा तरी आज कळतो. आमच्या कॉलेजच्या लोकांनी त्याची त्रिमितीय प्रतिकृती केली. फारिनिये, म्हणजे मठाचं पिठाचं कोठार, चुकवू नका. वरच्या मजल्यावर तेराव्या शतकाचं लाकडी छप्पर आहे, उलट्या नावेसारखं, आणि त्याखाली चर्चमधले वाचलेले कोरीव स्तंभशीर्ष मांडलेत. त्यांच्यासमोर दाजीसुद्धा पाच मिनिटं गप्प होते. गावात बाराव्या-तेराव्या शतकांतली दगडी घरं आहेत आणि त्यांत माणसं राहतात, हे मला चर्चपेक्षा मोठं वाटतं.

कारकासोन सुंदर आहे, पण तिथली तटबंदी एकोणिसाव्या शतकात व्हिओले-ल-द्युक या वास्तुविशारदाने भरपूर दुरुस्त केलेली आहे. आधी तर सरकारच ती पाडायला निघालं होतं, गावकऱ्यांच्या ओरड्याने वाचली. शिवाय ते पार दक्षिणेला आहे, एका दिवसात जाऊन यायचं म्हणजे आई-बाबांचे हाल. क्लूनीला पॅरिसच्या गार द लियों स्टेशनहून माकों-लोशे स्टेशनपर्यंत तेजेव्हे, म्हणजे वेगवान रेल्वे (दीड-पावणेदोन तास), पुढे बस. बसच्या वेळा आधी बघून ठेवा, विशेषतः रविवारी. बाबांचे गुडघे दुखत असतील तर गावातला 'चीजचा मनोरा' नावाचा जुना मनोरा चढू नका, खालूनच बघा.

आणि हो, वाडा सांभाळणं परवडत नाही हे मलाही कळतं. छप्पर शाकारायचाच खर्च केवढा येतो. पण मग ग्रुपवर फोटो टाकू नयेत.